आडोशाची खोली

लोखंडी छड आणि सिमेंट पाहायला यज्ञेश्वर मोहरील घरून निघाला, तेव्हा रमानं त्याच्या हाती कापडी थैली दिली आणि म्हणाली, "येताना दही आणजा. कालचं आंबट झालं." त्यानं मान हलवली आणि स्कूटर काढली. चैत्रातली सकाळ होती. गुढियारीच्या गल्लीत हमाल नुकते जमायला लागले होते, गोदामांची शटरं एकेक करून वर जात होती, आणि आभाळ इतकं स्वच्छ होतं की वादळाच्या तयारीला निघालेला माणूस कुणालाही खुळाच वाटला असता.

पण यज्ञेश्वरला कारण होतं. गेल्या वैशाखात एका दुपारी अंधड सुटलं आणि मागच्या गोदामाचा टिनाचा पत्रा उडून त्यांच्या झोपायच्या खोलीत शिरला. खिडकीची काच फोडून तो थेट पलंगावर, रमाच्या उशीत उभा रुतला. रमा तेवढ्यात पाणी प्यायला उठली होती म्हणून वाचली. यज्ञेश्वर रेल्वेच्या बांधकाम खात्यात सुपरवायझर. त्या वेळी तो लाइनीवर होता. संध्याकाळी घरी आला, तर रमा मधल्या खोलीत धान्याच्या ड्रमांच्या मधात गुडघ्यांना मिठी मारून बसलेली. त्या खोलीला खिडकी नव्हती. बाहेरच्या हवेला लागलेली एकही भिंत नव्हती. चहूकडून घरच घर.

"इथं आवाज कमी येते," ती म्हणाली.

तो तिच्याजवळ बसला नाही. त्यानं पत्रा ओढून काढला, काचा वेचल्या, खिडकीला प्लाय ठोकला आणि हात धुऊन जेवायला आला. रमाला त्याची सवय होती. तिला ताप आला की तो डॉक्टरकडे न्यायचा, पंखा दुरुस्त करायचा, मोसंबी आणून ठेवायचा. उशाशी बसून दोन शब्द बोलणं मात्र त्याला लग्नाच्या इतक्या वर्षांत जमलं नव्हतं. मनात नव्हते असं नाही. शब्द वर यायचे, दाताशी थांबायचे आणि माघारी जायचे. मग तो उठून कुठला तरी स्क्रू आवळायचा. मुलगी देवश्री नोकरीसाठी बंगलोरला गेल्यापासून घरात बोलणारं कोणी उरलंच नव्हतं.

तर त्या मधल्या खोलीला त्यानं हात घातला. नीलकंठ मिस्त्री आणि त्याची माणसं आली. ड्रम निघाले, फरशी फुटली, पायापासून छतापर्यंत लोखंडी सळ्या उभ्या राहिल्या. जुन्या विटांच्या भिंतींवर आतून लोखंडाची जाळी बसली आणि तिच्यावर काँक्रीट चढलं. घराच्या छताखाली या खोलीचा वेगळा स्लॅब पडला. दार जाड लोखंडी पत्र्याचं केलं, आत उघडणारं, म्हणजे बाहेर छत कोसळून ढीग पडला तरी आतला माणूस अडकायचा नाही. दाराला आतून तीन बोल्ट. बाहेरून कडी ठेवलीच नाही. हवेसाठी भिंतीत वरच्या अंगाला दोन पाइप घातले, ते स्वयंपाकघरात निघत.

"भैया, इतना मजबूत तो बैंक का खजाना भी नहीं रहता," नीलकंठ म्हणाला.

"राहू दे," यज्ञेश्वर म्हणाला.

काम संपलं त्या दिवशी रमा आत गेली. दार लोटून घेतलं. बराच वेळ आतच राहिली. बाहेर आली ती वेगळ्याच चेहऱ्यानं.

"किती शांत आहे जी. स्वतःचा श्वास ऐकू येते." मग त्याच्याकडे पाहून तिनं विचारलं, "माझ्यासाठी केलं हे सारं?"

तो हो म्हणणार होता. शब्द दातापर्यंत आलाही.

"प्लास्टर अजून ओलं आहे," तो म्हणाला. "भिंतीले हात नको लावू."

*

रमाला त्या खोलीची गोडी लागली. दुपारची भांडी झाली की ती तिथं चटई टाकून पडायची. थंड राहते म्हणायची. यज्ञेश्वर ड्यूटीवरून येऊन हाक मारायचा, तर पहिल्या हाकेला ओ नसे. मग बोल्ट सरकल्याचा आवाज यायचा आणि रमा डोळे चोळत बाहेर यायची. पण तिचे डोळे झोपेतून उठल्यासारखे नसत. गप्पांतून उठल्यासारखे असत. चहा करताना ती मध्येच हसायची.

"काय झालं?"

"काही नाही. असंच आठवलं."

काय आठवलं, हे विचारायची त्याला सवय नव्हती. पण ते त्याच्या मनात कुसळासारखं राहिलं.

वैशाख लागला आणि मोसमातलं पहिलं अंधड आलं. यज्ञेश्वर तेव्हा स्टेशनवरून घरी निघालेला. धुळीनं दुपारचा उजेड पार विटकरी केला, मग काळाच केला. स्कूटर कुणी मागून ओढून धरावी तशी थांबायची. पुलाखाली त्यानं जरा आसरा घेतला. पण घरी रमा एकटी आहे, हे मनातून जाईना, म्हणून पडत्या गारांत तसाच निघाला. घरात शिरला तो नखशिखान्त भिजलेला. लाइट गेलेली. मधल्या खोलीचं दार बंद.

त्यानं थाप मारली. आत कोणीतरी बोलायचं थांबलं.

मग एक बोल्ट, दुसरा, तिसरा. दार उघडलं. आत मेणबत्ती होती. रमानं त्याला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं आणि तिचा हात दारावर तसाच राहिला.

"तुम्ही भिजले कसे?" ती म्हणाली.

"पाऊस आहे बाहेर."

तिनं मागं वळून खोलीत पाहिलं. पुन्हा त्याच्याकडे पाहिलं. मग टॉवेल आणायला गेली. यज्ञेश्वर दारात उभा होता, पायाशी पाण्याचं थारोळं होत होतं. आत गोधडी अंथरलेली, तिच्यावर दोन उशा. दोन्ही उशांना डोकी टेकल्याचे खळगे होते.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. वरच्या खोलीत भाड्यानं राहणारा शिशिर खाली आला. गोंदियाचा पोरगा, कुठल्याशा फायनान्स कंपनीत होता. त्यांना काका-काकू म्हणायचा. अंगावरचा शर्ट कोरडा, इस्त्रीचा.

"काका, ठीक आहे ना सगळं?"

यज्ञेश्वरनं त्याच्या कोरड्या शर्टाकडे पाहिलं आणि त्याच्या छातीत काहीतरी कडू उतरलं.

त्या संध्याकाळी जेवताना रमा फार मऊ होती. त्याच्या ताटात तिनं न मागता तूप वाढलं. आणि म्हणाली, "आज किती बोलले तुम्ही. मले बरं वाटलं."

तो घास हातात धरून राहिला. दिवसभरात तो तिच्याशी तीन वाक्यंसुद्धा बोलला नव्हता. टोमणा असेल, असं त्यानं धरलं. टोमणा मारावा इतकी ती दुसऱ्या कुणामुळं शेफारली, असंही धरलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं शिशिरला जिन्यात गाठलं.

"काल अंधडात तू कुठं होता?"

"वरच होतो काका. पत्रे वाजून राहिले होते, भेव वाटलं. खाली येणार होतो. मग म्हटलं, काहून मधात जावं. तुम्ही दोघं आत होते ना."

"कोण दोघं?"

"तुम्ही अन् काकू." शिशिर हसला. "तुमचा आवाज येऊन राहिला होता जिन्यापर्यंत. काकू हसून राहिल्या होत्या. मी म्हटलं, काका इतके बोलतात तरी कधी…"

"मी घरी नव्हतो."

शिशिरचं हसू चेहऱ्यावरच विरलं. "पण आवाज तर तुमचाच होता, काका."

एवढं धडधडीत खोटं तोंडावर बोलतो, याचाच यज्ञेश्वरला जास्त राग आला. त्यानं आवाज चढवला नाही. खोली खाली कर, एवढंच म्हणाला. कारण विचारलं तर तेही सांगितलं नाही. शिशिरनं पुढच्या रविवारी बॅगा बांधल्या. जाताना तो रमाच्या पाया पडला, आणि यज्ञेश्वर त्या वाकलेल्या पाठीकडे, रमाच्या पुढं झालेल्या हाताकडे डोळे लावून पाहत राहिला.

"पोट्टा चांगला होता," ती नंतर म्हणाली. "काहून काढलं?"

"चांगला होता म्हणूनच," तो म्हणाला.

ती त्याच्याकडे पाहत राहिली. मग, पहिल्यांदाच, तिनं त्याची कीव केल्यासारखी मान हलवली.

*

शिशिर गेला तरी दुपारचं हसणं गेलं नाही.

रमा बाजारात गेली असताना एकदा यज्ञेश्वर त्या खोलीत जाऊन बसला. दार लावलं, बोल्ट टाकले, दिवा मालवला. इतका गच्च अंधार त्यानं बोगद्यातसुद्धा पाहिला नव्हता. आपल्याच कानातलं रक्त वाजत होतं. सिमेंटचा वास होता, लोखंडाचा होता, आणि त्यांच्याखाली आणखी एक, हलका, गोडसर. ओळखीचा. खूप वेळानं त्याला तो उमगला. चमेलीचं तेल. लग्न झालं तेव्हा तो लावायचा; पुढं केस विरळ झाले आणि त्यानं ते सोडलं, त्याला जमाना झाला. घरात त्याची बाटली नव्हती.

तिथं कोणी नव्हतं. पण गाडीत कुणाच्या तरी जागेवर आपण बसावं आणि तो माणूस काही न बोलता समोर उभा राहावा, आपण उठायची वाट पाहत… तसं त्याला वाटलं. तो उठला. उठताच त्याला स्वतःची लाज वाटली. स्वतःच्या घरात, स्वतः बांधलेल्या खोलीत, कुणाला जागा करून दिली आपण?

त्या दिवसापासून त्याचं मन एकाच गोष्टीवर बसलं. पकडायचं. शिशिर नसेल तर दुसरा कोणी असेल, पण आहे. माणूसच आहे. तेल लावतो, गोड बोलतो, माझ्या बायकोला हसवतो आणि वारा सुटला की येतो.

नवतपा सुरू झाला, उन्हाळ्यातले ते नऊ जळते दिवस. रस्त्यावरचं डांबर चपलांना चिकटायचं. अशाच एका दुपारी, बातम्यांत अंधडाचा इशारा होता, तेव्हा यज्ञेश्वर रमाला म्हणाला, "भाटापाऱ्याले जातो. पुलाचं काम आहे. उशीर होईल."

"बरं," ती म्हणाली. "सांभाळून जाजा."

त्यानं स्कूटर गोदामापाशी लावली आणि मागच्या बोळातून परत येऊन आपल्याच परसात, कपडे धुवायच्या दगडामागं, चोरासारखा बसला. तिथून स्वयंपाकघराची खिडकी दिसायची आणि आतल्या दारातून मधल्या खोलीचं लोखंडी दार. घामानं शर्ट पाठीला चिकटला होता. रमा आत-बाहेर करत होती. तिनं न्हाऊन वेणी घातली होती आणि वेणीत मोगरा माळला होता. तिनं शेवटचा मोगरा कधी माळला होता, हे आठवायचा त्यानं प्रयत्न केला. आठवलं नाही. माळला असेल, तरी त्यानं पाहिला नव्हता.

चारच्या सुमाराला पश्चिमेकडं आभाळाला तपकिरी कड आली. गल्लीतली कुत्री गप्प झाली. पानंसुद्धा हलत नव्हती. रमा खिडकीशी आली, गज धरून वर पाहू लागली. वादळाला घाबरणारी बाई ती. पण भीती तिच्या चेहऱ्यावर नव्हती. कुणाची गाडी यायची असली की माणूस जसं फाटकाकडं पाहतं, तसं ती आभाळाकडं पाहत होती.

मग वारा आला. आधी दुरून, मालगाडी यावी तसा. मग एकदम अंगावर. धुळीनं त्याचे डोळे भरले. त्यातूनही त्यानं पाहिलं की रमानं खिडकीच्या काचा ओढून घेतल्या, मेणबत्ती पेटवली आणि मधल्या खोलीच्या दाराशी जाऊन थांबली. एक बाजूला झाली, जणू कुणाला आधी आत जाऊ देत होती.

"या," तिचे ओठ हलले.

मग ती आत गेली आणि दार लागलं.

पुढचं दार आतून बंद होतं, ते त्याला दिसत होतं. घरात कोणी शिरलं नव्हतं. यज्ञेश्वर मागच्या दारानं स्वयंपाकघरात घुसला, स्टूल ओढलं, त्याच्यावर चढून पाइपच्या तोंडाला कान लावला. बाहेर पत्र्यांचा गदारोळ चाललेला. पाइपमधून मात्र सारं असं निवांत येत होतं, जणू तिकडं दुसराच ऋतू होता.

पुरुषाचा आवाज होता. हळू, समजावणीचा.

त्याचं रक्त तापलं. इतके दिवस जे हवं होतं ते कानात पडलं होतं, आणि त्या क्षणी त्याला भीती वाटली नाही, जिंकल्यासारखं वाटलं.

"मागच्या खेपेस अर्धंच सांगितलं तुम्ही," रमा म्हणत होती.

"देवश्री झाली तेव्हाचं?"

"हं."

"दवाखान्यामागं सायकल स्टँड होता. तिथं जाऊन बसलो होतो. नर्सनं सांगितलं, बाईचं काही खरं नाही. मी एका सायकलीच्या सीटवर डोकं ठेवलं अन् रडलो. लहान पोरासारखा. मग नळावर तोंड धुतलं. आत आलो, अन् तुले म्हटलं…"

"मोसंबी आणली," रमा म्हणाली. ती हसत होती की रडत होती, ते कळत नव्हतं.

यज्ञेश्वर स्टुलावर गोठून उभा होता. तो आवाज त्याचा होता. असा कधी तो बोलला नव्हता, इतका सैल, इतका जवळून. पण आवाज त्याचा होता. आणि सायकल स्टँड… ते त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. आईला नाही, मित्राला नाही. कधी तरी रमाला सांगू म्हणून इतकी वर्षं आत जपून ठेवलेलं होतं ते. आतला तो कोण होता, हे त्याला समजलं नाही. समजलं ते इतकंच की तो यज्ञेश्वरचं काढून तिला देत होता, आणि ती ते घेत होती.

तो स्टुलावरून उतरला नाही, पडला. दाराकडे धावला. दोन्ही मुठींनी त्यानं पत्रा बडवला.

"रमा. दार उघड. मी आहे… बाहेर मी आहे."

आतलं बोलणं थांबलं.

"कोणी हाक मारून राहिलं," रमा म्हणाली. दारातूनही अगदी स्पष्ट ऐकू आलं, जणू ती त्याच्या शेजारी उभी होती.

"वारा आहे," त्याचाच आवाज म्हणाला.

"वारा नाव घेऊन हाक नाही मारत."

"मारते कधी कधी."

"रमा," यज्ञेश्वर म्हणाला. त्यानं पुन्हा पत्रा बडवला. "रमा, तो मी नाही… मी इकडं आहे. उघड."

आत पैंजण वाजलं. ती दाराशी आली होती. तिचा श्वास त्याला ऐकू येत होता. पहिला बोल्ट सरकला. मग दुसरा. तिसऱ्यावर तिचा हात पडला, लोखंड किंचित किरकिरलं… आणि आत कोणीतरी काहीतरी म्हणालं. अगदी हळू. दोन-चारच शब्द असतील. यज्ञेश्वरनं कान पत्र्याला चिकटवला, तरी ते त्याला कळले नाहीत.

दुसरा बोल्ट परत लागला. मग पहिला.

तेवढ्यात स्वयंपाकघराची खिडकी चौकटीसकट आत आली. तो वळला. एवढंच त्याला आठवतं. वळला, आणि कपाळावर काहीतरी गरम फुटलं.

*

शुद्धीवर आला तेव्हा वारा पडला होता. सगळीकडे काचा आणि ओली पानं. लोखंडी दार उघडं होतं आणि रमा त्याच्याजवळ बसून पदरानं त्याचं कपाळ दाबत होती. तिच्या वेणीतला मोगरा तिथंच होता, एक पाकळी हललेली नव्हती. त्यानं मान वळवून खोलीत पाहिलं. मेणबत्ती जळत होती. खोली रिकामी होती. जागेवरून उठताना रमानं ते दार ओढून घेतलं, आवाज न करता, आत कोणी निजल्यासारखं.

शेजारच्यांच्या रिक्षातून दवाखाना झाला, टाके पडले. घरी आल्यावर तिनं त्याला गरम दूध दिलं. तो पीत नव्हता.

"आत कोण होतं?"

रमानं त्याची पट्टी नीट केली. "मले काय माहीत, कोण आहे ते."

"तुले वाटलं, मी आहे?"

"दुपारचं तर स्वप्न वाटायचं. पहिल्या अंधडात वाटलं, तुम्हीच आले. मग तुम्ही भिजून दारात उभे दिसले." तिनं मान खाली घातली. "तवा शंका आली. जेवताना बोलून पाहिलं, अन् तुमच्या तोंडावरून समजलं."

"अन् तरी तू…" त्यानं हातातला ग्लास फिरवला. "भेव नाही वाटलं?"

"वाटलं. खूप वाटलं. पण जी, तो बोलते. मी काही विचारलं तर सांगते. इतकी वर्षं मी या घरात तुमच्याशी बोलून राहिली, अन् उत्तर आता येऊन राहिलं."

"आज तू दार उघडत होती."

"हो."

"मग काहून नाही उघडलं? काय म्हटलं त्यानं?"

ते तिनं सांगितलं नाही. नंतरही कधी सांगितलं नाही.

"तोडून टाकतो मी ती खोली," तो म्हणाला.

"तोडा," रमा शांतपणे म्हणाली. "मग तुम्ही बोलसाल?"

त्यानं ग्लास खाली ठेवला. आता नाही तर कधीच नाही, हे त्याला दिसत होतं. शब्द वर आले, दाताशी थांबले, आणि त्यानं जोर लावून त्यांना बाहेर काढलं. "रमा. देवश्री झाली तेव्हा… मी दवाखान्यामागं…"

"माहीत आहे मले," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात मायाच होती. "सायकल स्टँड."

त्याच्यापाशी दुसरं काही नव्हतं. तिनं दिवा मालवला.

नीलकंठ मिस्त्री येऊन खोली पाहून गेला. भिंतींवर त्यानं हातोडीनं टकटक केलं, वर पाहिलं आणि डोकं खाजवलं. "हव, टूट तो जाएगा भैया. पर इसको छेड़ेंगे तो ऊपर का कमरा भी साथ आएगा. बरसात निकलने दो, फिर देखते हैं."

मग रोहिणीचे पाऊस आले, मृगाचे आले. रमा त्याची पट्टी वेळेवर बदलत होती, पथ्याचं करून घालत होती, काही कमी करत नव्हती. पाहुण्याला विचारावं तसं विचारायची, आणखी पोळी वाढू का. जखम मात्र भरत नव्हती. डॉक्टर म्हणाले, साखर तपासून घ्या. साखर ठीक होती.

एका रविवारी तो ओसरीत खुर्ची टाकून बसला होता. वारा नव्हता. समोर गल्लीत पोरं डबक्यातून सायकली चालवत होती. देवश्री रविवारी फोन करायची, मोबाइलवर व्हिडिओ लावून, समोरासमोर. लहानपणापासून हिंदीच तिच्या तोंडी बसलेली, मराठी समजायची पण उत्तर हिंदीत. आज फोन वाजला तो आत. रमानं उचलला. तिची पावलं बैठकीतून निघाली, ओसरीकडे येता येता थांबली आणि मागं वळली. लोखंडी दाराचा आवाज झाला. बोल्टचा झाला नाही. दार उघडंच होतं. वाटलं असतं तर तो उठून पाहू शकला असता.

आतून देवश्रीचं हसणं आलं. अशी ती त्याच्याशी कधी हसली नव्हती. फोनवर त्यांचं बोलणं एरवी जेवलीस का आणि पैसे आहेत का, इथंच संपायचं.

"बाबा, आप भी ना," ती म्हणत होती. "पहले क्यों नहीं बताया ये सब?"

कोणीतरी काही म्हणालं. ती पुन्हा हसली. रमाही हसली. यज्ञेश्वरनं खुर्चीचे हात घट्ट धरले. सायकली गेल्या, गल्ली रिकामी झाली, तसं आतलं आणखी स्वच्छ ऐकू यायला लागलं.

"और माथे की पट्टी कब निकली, बाबा?" देवश्री विचारत होती. "आई तो बोल रही थी टाँके लगे हैं. ज़रा पास आइए… निशान तक नहीं है."

यज्ञेश्वरचा हात कपाळावर गेला. पट्टी जागेवरच होती, आणि बोटांना ओलं लागलं.